जाहिरातीचा धनी कोण ?

जाहिरात ही मूळचीच वाईट वस्तु आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्याजवळ कांहीं विकावयाचें आहे, त्यानें तें चारचौघांत ओरडून सांगावें, यांत गैर तें काय ? बाजारांत टोपली पुढें घेऊन बसलेली कोळीण आपल्या पापलेटाची स्तुति करिते, तीहि एक जाहिरातच होय. परंतु तिच्या जाहिरातींत एक मोठा गुण असतो. ती स्वतः समोर बसलेली असते. मासळी शिळी निघाली, तर दुसऱ्या दिवशीं जाब कोणास विचारावयाचा, हें गिऱ्हाइकास पक्कें ठाऊक असतें. बोलणारा कोण, बोलण्याचा खर्च कोणाचा, आणि त्यांत फायदा कोणाचा, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर त्या एकाच टोपलीमागें मिळतें. निवडणुकीच्या जाहिरातींत मात्र हीं तीन उत्तरें तीन ठिकाणीं विखुरलेलीं असतात, आणि खर्च कोणाचा हें उत्तर तर पुष्कळदां सांपडतच नाहीं. या लेखांत आम्हांस विचार करावयाचा आहे, तो याच न सांपडणाऱ्या उत्तराचा.

सन २०२४ या एकाच सालीं आमच्या जिल्ह्यानें दोन मोठ्या निवडणुका पाहिल्या. ता. ७ मे रोजीं रायगड लोकसभा मतदारसंघांत मतदान झालें, आणि ता. २० नोव्हेंबर रोजीं विधानसभेसाठीं. असा हंगाम आला म्हणजे अलिबागचें रूप पालटतें. एस्. टी. स्थानकापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणि पेणच्या वाटेनें थेट पोयनाडपर्यंत फलकाफलकावर हात जोडलेले पुढारी उभे राहतात. रिक्षांच्या पाठीवर निशाण्या चिकटतात. कर्ण्यांतून गाण्यांच्या चालीवर नांवें घुमतात. आणि ज्या घरीं वर्तमानपत्र येत नाहीं, तेथेंहि मुलांच्या हातांतील मोबाईलवर चित्रफिती येऊन थडकतात. आमच्या वरच्या वर्गांतील मुलेंमुली एकदोन वर्षांत अठरा वर्षांचीं होऊन मतदार होणार. त्यांनीं हा थाट पाहावा, परंतु त्याची किंमत कोणी भरली, हेंहि विचारावयास शिकावें, म्हणून आम्हीं हा विषय शाळेच्या वार्षिकांत आणिला आहे.

कायद्याचा हेतु उत्तम आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमानें प्रत्येक उमेदवारावर अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत खर्चाचा हिशेब ठेवण्याचें बंधन घातलें आहे, आणि त्या खर्चास मर्यादा ठरवून दिली आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत लोकसभेच्या उमेदवारास बहुतेक प्रांतांत २५,००० रुपये खर्चण्याची मुभा होती. २०२२ सालीं मोठ्या राज्यांसाठीं ही मर्यादा ९५ लाख रुपये करण्यांत आली, आणि विधानसभेच्या उमेदवारासाठीं ४० लाख रुपये. अलिबाग विधानसभा मतदारसंघांत मतदार तीन लाखांच्या आसपास आहेत. विद्यार्थ्यांनीं स्वतः भागाकार करून पाहावा. दर मतदारामागें साधारण तेरा रुपये येतात. आज तेरा रुपयांत बाजारांत एक वडापावहि मिळणें कठीण. एका मतदारामागें एवढ्याशा रकमेंत हा सारा गाजावाजा कसा बसतो, असें कोणीहि विचारील. याचें उत्तर असें कीं, तो सगळाच उमेदवाराच्या हिशेबांत बसवावा लागत नाहीं. कायद्यानें उमेदवाराच्या पिशवीस गांठ मारिली आहे. परंतु तिच्या शेजारीं दुसऱ्या तीन पिशव्या आहेत, आणि त्यांचीं तोंडें उघडीं आहेत.

पहिली पिशवी पक्षाची. दिल्लींतील एका लोकसभा निवडणुकीवरून झालेल्या कंवरलाल गुप्त विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ता. ३ ऑक्टोबर १९७४ रोजीं असा निर्णय दिला कीं, पक्षानें एखाद्या उमेदवारासाठीं त्याच्या संमतीनें केलेला खर्च त्या उमेदवाराच्याच हिशेबांत धरला पाहिजे. निर्णयाची शाई वाळते न वाळते, तोंच त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला, आणि पुढें कायद्यांत एक स्पष्टीकरण जोडून पक्षानें व मित्रमंडळींनीं केलेला खर्च हिशेबांतून वगळण्यांत आला. २००३ च्या दुरुस्तीनें ही पळवाट बरीच अरुंद झाली, हें मान्य केलें पाहिजे. एखाद्या उमेदवाराचें नांव अथवा छायाचित्र घालून पक्षानें प्रचार केला, तर आतां तो खर्च उमेदवाराच्या नांवें मांडावा लागतो. परंतु कोणाहि उमेदवाराचें नांव न घेतां पक्षाचा व पक्षनेत्याचा जो डंका राज्यभर पिटला जातो, त्याला कसलीच मर्यादा नाहीं. विधानसभेच्या निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेच्या निवडणुकीनंतर ९० दिवसांत पक्षानें निवडणूक आयोगाकडे हिशेब पाठवावा, एवढेंच बंधन. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेनें २०२४ ची लोकसभा व तिच्यासोबत झालेल्या चार विधानसभा यांविषयींचे पक्षांचे हिशेब तपासले. ३२ पक्षांनीं दाखविलेला खर्च सुमारें ३,३५० कोटी रुपये भरला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भाग केवळ प्रसिद्धीचा होता. गांठ मारलेल्या पिशवीपेक्षां उघडी पिशवी किती मोठी आहे, हें यावरून दिसेल.

दुसरी पिशवी अधिक घातक आहे, कारण तिच्यांतून निघालेली जाहिरात जाहिरातीच्या वेषांत येतच नाहीं. ती बातमीचा वेष घेऊन येते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार श्री. पी. साईनाथ यांनीं हा प्रकार लोकांपुढें मांडिला. तत्कालीन मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण भोकर मतदारसंघांतून उभे होते. त्यांच्या स्तुतीचे रकानेच्या रकाने ‘अशोकपर्व’ या नांवाखालीं मराठी दैनिकांत छापून आले. परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच मजकूर जसाच्या तसा आढळला. त्यांनीं दिलेल्या हिशेबांत मात्र वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च अवघा ५,३७९ रुपये होता. हा मजकूर पैसे देऊन छापविला, हें त्यांनीं नाकारिलें. प्रकरण पांच वर्षें चाललें. मे २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हिशेब खरा कीं खोटा हें तपासण्याचा अधिकार आयोगास आहे. जुलैमध्यें आयोगानें हिशेब विहित रीतीनें दिला नसल्याचें ठरविलें, आणि सप्टेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें आयोगाचा तो आदेश रद्द केला. न्यायालयाच्या निर्णयापुढें कोणास दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, व तशी इच्छाहि नाहीं. आम्हांस दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, वेष पालटलेली जाहिरात सिद्ध करणें किती अवघड असतें. उत्तर प्रदेशांतील बिसौलीच्या एका आमदार बाईंना याच कारणास्तव आयोगानें २०११ सालीं तीन वर्षांसाठीं अपात्र ठरविलें. परंतु अशीं उदाहरणें विरळा. बातमी वाचतांना मनुष्य सावध नसतो. जाहिरात ऐकतांना तो अर्धा कान बंद ठेवितो. बातमी ऐकतांना दोन्ही कान उघडे ठेवितो. म्हणून बातमीच्या रूपानें शिरलेली जाहिरात ही चोरवाटेनें घरांत येणारी वस्तु होय.

तिसरी पिशवी सरकारची, म्हणजे वस्तुतः तुमचीआमची. सरकारनें आपल्या योजना लोकांस कळवूं नयेत, असें कोणताहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. डोंगरांतल्या वाडीवरील कातकरी बाईस आपला हक्क कळलाच नाहीं, तर तो हक्क कागदावर असून काय उपयोग ? परंतु माहिती आणि मिरवणूक यांत भेद आहे. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर महाराष्ट्र शासनानें ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही दरमहा १,५०० रुपये देणारी योजना सुरू केली, आणि तिच्या प्रसिद्धीसाठीं सुमारें २०० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. आचारसंहिता लागू झाली ती १५ ऑक्टोबरास. आतां आणखी एक गणित करूं. विधानसभेचे मतदारसंघ २८८. प्रत्येक मतदारसंघांत एखाद्या पक्षाच्या उमेदवारानें कायद्याच्या मर्यादेपर्यंत पूर्ण ४० लाख रुपये खर्च केले, तरी त्या सर्वांची बेरीज ११५ कोटींच्या थोडी वर जाते. एका योजनेच्या प्रसिद्धीचा आराखडा या बेरजेहून कितीतरी मोठा ! आणि तो कोणाच्याहि निवडणूक-हिशेबांत दिसणार नाहीं. कोणत्याहि एका पक्षावर आमचा रोख नाहीं. सत्तेवर कोणीहि असो, हा मोह सर्वांस सारखाच. सर्वोच्च न्यायालयानें मे २०१५ मध्यें सरकारी जाहिरातींत पंतप्रधान, राष्ट्रपति व सरन्यायाधीश यांखेरीज कोणाचेंहि छायाचित्र नसावें असें ठरविलें होतें. परंतु मार्च २०१६ मध्यें राज्य सरकारांच्या विनंतीवरून मुख्यमंत्री, राज्यपाल व मंत्री यांच्या छायाचित्रांस पुन्हा परवानगी मिळाली. योजनेचा अर्ज कोठें भरावा हें सांगण्यास कोणाच्या मुखाची गरज नसते. तें मुख तेथें कां येतें, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

या पिशव्यांत पैसा कोठून येतो, हा पुढला प्रश्न. २०१८ पासून निवडणूक रोख्यांची पद्धत चालू होती. स्टेट बँकेंतून रोखा विकत घ्यावा, पक्षास द्यावा, आणि देणाऱ्याचें नांव जनतेस कळूं नये, अशी ती योजना. सुमारें १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. ता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. त्यांच्या निर्णयाचें सार आमच्या शब्दांत सांगावयाचें, तर मत देणाऱ्यास माहितीचा हक्क आहे, आणि पक्षास पैसा कोण पुरवितो ही माहिती त्या हक्कांतच येते. आमच्या या लेखाचा सारा आधार हाच आहे.

परदेशाकडे क्षणभर दृष्टि टाकिली, तर आपल्या रोगाचें स्वरूप अधिक स्पष्ट होतें. आपल्या राष्ट्रपतींची निवड खासदार व आमदार करितात. २०२२ सालीं असे ४,८०९ मतदार होते, आणि त्यांच्यासाठीं रस्त्यावर फलक लावण्याचें कोणास कारण नव्हतें. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मात्र जनतेच्या मतांवरून, राज्याराज्यांच्या हिशेबानें निवडला जातो. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं निवडणुकींत पैसा खर्चणें हें भाषणस्वातंत्र्याचेंच अंग आहे असें मानून खर्चावरील मर्यादा उठविल्या, आणि २०१० सालीं कंपन्यांसहि तें दार खुलें केलें. परिणाम असा कीं, २०२४ मध्यें त्या देशांत सर्व निवडणुका मिळून राजकीय जाहिरातींवर एक हजार कोटी डॉलरांहून अधिक पैसा ओतला गेला. राष्ट्राध्यक्षपदाच्या जाहिरातींचा फार मोठा वांटा ज्यांचा निकाल अनिश्चित होता अशा सातच राज्यांत पडला, आणि त्यांत पेनसिल्व्हेनिया अग्रेसर होतें. तेथील रहिवासी जाहिरातींच्या पुरांत बुडाला. ज्या राज्यांचा कौल आधींच ठाऊक होता, तेथील मतदाराकडे कोणी फारसें फिरकलें नाहीं. पैसा मतदारास मान देत नाहीं. तो फक्त ज्या मताची किंमत अधिक असेल तेथें वाहतो. याच्या उलट ग्रेट ब्रिटनची रीत. तेथें दूरचित्रवाणीवर व आकाशवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करण्यास बंदी आहे. पक्षांच्या देशव्यापी खर्चासहि २००० च्या कायद्यानें मर्यादा आहे. आणि २०२२ च्या कायद्यानें मोबाईलवर दिसणाऱ्या राजकीय जाहिरातींवरहि त्या कोणीं व कोणाच्या वतीनें प्रसृत केल्या, हें छापणें सक्तीचें झालें आहे. म्हणजे स्वातंत्र्य राखूनहि जाहिरातीस वेसण घालतां येते.

यावर दोन आक्षेप येतील, हें आम्ही जाणतों. पहिला असा कीं, जाहिरातीवर बंधनें घातलीं, तर नवख्या व गरीब उमेदवाराचें नांव लोकांस कळणार कसें ? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच जाहिरात बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आजच्या व्यवस्थेंत त्या गरिबाचें काय होतें ? त्याच्या मागें मोठा पक्ष नाहीं, सरकारी तिजोरी नाहीं. बांधलेली पिशवी ती काय त्याची एकट्याची. बंधन दुबळ्यास, मोकळीक बलवानास, असा हा न्याय आहे. दुसरा आक्षेप असा कीं, पैशानें निवडणूक जिंकतां येतेच असें नाहीं. हेंहि खरें. २०२४ मध्यें अमेरिकेंत श्रीमती कमला हॅरिस यांच्या बाजूनें अधिक पैसा खर्च झाला, आणि निवडून आले श्री. डोनाल्ड ट्रम्प. परंतु आमची भीति जयापराजयाची नव्हेच. ज्याच्यासाठीं दुसऱ्यानें कोट्यवधि रुपये ओतले, तो निवडून आल्यावर प्रथम कोणाचा ऋणी होतो, हा आमचा प्रश्न आहे. मतदाराचें ऋण पांच वर्षांनीं फेडावयाचें असतें. सावकाराचा तगादा दुसऱ्याच दिवशीं सुरू होतो. मतदारास निदान त्या सावकाराचें नांव तरी ठाऊक असावें !

आमच्या तालुक्याच्या इतिहासांत याच्या अगदीं उलट असें एक उदाहरण आहे. १९३३ ते १९३९ या काळांत चरी व आसपासच्या गांवांतील कुळांनीं खोतांच्या जुलमाविरुद्ध संप पुकारून शेतें ओसाड ठेविलीं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांचा कैवार घेतला. १९३७ सालीं त्यांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोतीविरुद्ध विधेयक मांडिलें, आणि त्याच सालीं अलिबागेंत ‘कृषीवल’ पत्र निघालें. त्या चळवळीचीं मतें कोणास पटोत वा न पटोत. परंतु हें म्हणणें कोणाचें, असें कोणास विचारावें लागलें नाहीं. बोलणाऱ्यांनीं आपल्या बोलण्याची किंमत सहा वर्षें स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन भरली, आणि ती सर्वांस दिसत होती. लोकमत घडविण्याचा हा मार्ग लांबचा खरा, पण सरळ.

मग करावयाचें काय ? आमच्या मतें तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. पहिली, पक्षाच्या राज्यव्यापी प्रसिद्धीसहि उमेदवाराप्रमाणेंच मर्यादा असावी. दुसरी, निवडणुकीपूर्वीं सहा महिने सरकारी जाहिरातींतून सर्व मंत्र्यांचीं छायाचित्रें काढून टाकावीं. माहिती राहूं द्यावी, मुखें नकोत. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक जाहिरातीवर पैसा देणाराचें नांव असावें. आपल्या कायद्याचें १२७-अ हें कलम १९६१ पासून सांगतें कीं, निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव-पत्ता असलाच पाहिजे. न घातल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दोन नांवें मागणारा कायदा तिसरें नांव मागूं शकत नाहीं काय ? फलक असो, बातमीच्या रकान्यांतील मजकूर असो, वा मोबाईलवरील चित्रफीत असो, तिच्या कपाळावर तिच्या धन्याचें नांव असावें. गूगल व फेसबुक यांनीं २०१९ पासून भारतांतील राजकीय जाहिरातींची नोंद सर्वांस पाहतां येईल अशी उघडी ठेविली आहे. कोणत्या राज्यांत किती खर्च झाला, हेंहि तींत सांपडतें. खाजगी कंपन्यांस जें जमतें, तें कायद्यास जमूं नये, हें लाजिरवाणें आहे.

कायदा होईल तेव्हां होवो. नागरिकाचें काम तोंवर थांबत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, निवडणुकीनंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवारास आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो, आणि एक रुपया शुल्क भरून तो कोणासहि पाहतां येतो. आपल्या जिल्ह्याचें तें कार्यालय याच गांवांत, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढल्या निवडणुकीच्या वेळीं आपल्या रस्त्यावरचे फलक मोजावे, वर्तमानपत्रांतील स्तुतीचे रकाने कापून वहींत चिकटवावे, प्रत्येकावर मुद्रकाचें नांव आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि निकालानंतर एक रुपया खिशांत घालून त्या कार्यालयांत जावें. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत जें मिळत नाहीं, तें त्या कागदांत मिळेल. वहींतली बेरीज आणि कार्यालयांतली बेरीज जुळली, तर त्या उमेदवाराविषयीं मनांत आदर बाळगावा. न जुळली, तर मधला फरक कोणीं भरला, हें नम्रपणें, परंतु मोठ्यानें विचारावें.